तीन चौकटींचे चित्र

पाठ्यपुस्तकांतील काही चित्रे इतकी सवयीची होतात की आपण ती पाहायचेच सोडून देतो. शेजारी शेजारी काढलेल्या तीन चौकटी हे त्यांपैकी एक. पहिल्या चौकटीत लहान लहान गोल एकमेकांना चिकटून ओळीने मांडलेले. खाली लिहिलेले असते ‘स्थायू’. दुसरीत तेच गोल सुटे सुटे, दोन गोलांमध्ये आणखी एखादा गोल मावेल इतके अंतर; खाली ‘द्रव’. तिसरीत सात-आठ गोल इकडे तिकडे विखुरलेले, खाली ‘वायू’. थोड्याफार फरकाने हे चित्र अनेक पुस्तकांत, मार्गदर्शकांत आणि वर्गातल्या तक्त्यांवर भेटते. मुले ते पाठ करतात, परीक्षेत काढतात आणि आपण त्याला गुण देतो.

पुस्तकांची परीक्षणे होतात. पुस्तकांतील चित्रांची सहसा होत नाहीत. या लेखात या एकाच चित्राचे परीक्षण करायचे आहे. ते करावेसे वाटले, याला एक जुने कारण आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी आठवीच्या घटक चाचणीत प्रश्न घातला होता: ‘बर्फ, पाणी आणि वाफ यांतील कणांची रचना आकृतीने दाखवा.’ एका मुलीने पाण्याच्या चौकटीत गोल दाटीवाटीने काढले होते आणि बर्फाच्या चौकटीत मात्र गोलांमध्ये मोकळ्या जागा ठेवल्या होत्या. मी लाल रेघ मारली आणि बाजूला लिहिले, ‘अदलाबदल झाली आहे.’ पेपर वाटल्यावर ती टेबलाजवळ आली आणि म्हणाली, “सर, बर्फ पाण्यावर तरंगतो ना? मग त्याच्यातच जास्त जागा असणार.” मी म्हणालो, “पुस्तकातली आकृती बघ.” तिने पाहिली, मान हलवली आणि जागेवर जाऊन बसली. गुण मी वाढवले नाहीत.

उत्तर तिचे बरोबर होते. चूक माझी होती आणि माझ्यामागे उभ्या असलेल्या त्या चित्राची होती.

चित्राची जमेची बाजू

दोष सांगण्यापूर्वी गुण सांगितले पाहिजेत. द्रव्य सलग नसून सुट्या कणांचे बनलेले आहे, हा मूळ विचार हे चित्र एका नजरेत सांगते. स्थायूत मांडणी शिस्तीची असते आणि द्रवात ती मोडते, हेही ते दाखवते. स्थायूला स्वतःचा आकार का असतो आणि द्रव भांड्याचा आकार का घेतो, हे समजावताना या चित्राचा उपयोग होतो. पाण्याचा रेणू खरोखर गोल नसतो, पण तो गोल काढल्याने आठवीच्या पातळीवर काही बिघडत नाही. चित्र सोपे केलेले आहे, ही तक्रार नाही. प्रत्येक चित्र काहीतरी गाळूनच काढावे लागते. प्रश्न असा आहे की, जे गाळले वा बदलले त्यामुळे मुलांचा नुसता तपशील हुकतो, की ती चुकीच्या अनुमानावर पोहोचतात?

पहिला दोष: सुटा सुटा द्रव

मधल्या चौकटीकडे नीट पाहा. द्रवाचे कण एकमेकांपासून इतके दूर असतील, तर द्रव दाबून त्याचे आकारमान कमी करता आले पाहिजे. चित्रावर विश्वास ठेवणाऱ्या मुलाने हेच अनुमान काढायला हवे.

आता एक साधा प्रयोग करा. सुई नसलेली १० मि.लि.ची प्लॅस्टिकची सिरिंज घ्या. दट्ट्या ओढून तीत हवा भरा, तोंडावर बोट घट्ट धरा आणि दट्ट्या दाबा. थोडा जोर लावला तर हवा निम्म्या जागेत येते आणि सोडल्यावर दट्ट्या परत मागे सरकतो. मग त्याच सिरिंजमध्ये पाणी भरा. सिरिंज उभी धरून टिचक्या मारा, म्हणजे अडकलेले बुडबुडे वर येऊन निघून जातील. एक बुडबुडा राहिला तरी निष्कर्ष फसतो. आता बोट लावून दाबा. दट्ट्या हलत नाही. अंगठा दुखू लागतो, पण पाणी जागचे सरत नाही. समुद्रात ४ किलोमीटर खोलीवर, जिथे दाब आपल्या वातावरणाच्या सुमारे ४०० पट असतो, तिथेही पाण्याचे आकारमान जेमतेम २ टक्क्यांनी कमी होते.

याचा अर्थ उघड आहे. द्रवातील कण एकमेकांना जवळजवळ टेकलेलेच असतात. मोडलेली असते ती ओळ. अंतर वाढलेले नसते. बहुतेक धातू वितळतात तेव्हा त्यांचे आकारमान सुमारे ३ ते ६ टक्क्यांनी वाढते. आकारमान इतके वाढले तर दोन कणांमधील अंतर केवळ १ ते २ टक्क्यांनी वाढते. कागदावरील चित्रात हा फरक डोळ्यांना दिसणारही नाही. मग द्रवाच्या चौकटीत गोलांमधले अंतर दुप्पट काढण्याला आधार काय?

पाण्याच्या बाबतीत तर चित्र उलटेच आहे. बर्फाची घनता दर घनसेंटिमीटरला सुमारे ०.९२ ग्रॅम, पाण्याची १ ग्रॅम. म्हणजे पाणी गोठताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. बर्फात प्रत्येक रेणू आपल्या चार शेजाऱ्यांना हायड्रोजन बंधांनी ठरावीक दिशांत धरून असतो आणि त्यामुळे ती रचना आतून पोकळ राहते. बर्फ वितळला की हा सांगाडा काही अंशी कोसळतो आणि रेणू एकमेकांच्या अधिक जवळ येतात. आपण मात्र तीन अवस्थांचे उदाहरण म्हणून नेमके पाणीच घेतो आणि त्याखाली पाण्याला न लागू पडणारे चित्र काढतो!

गंमत अशी की, या चित्राचे खंडन करणारा प्रयोग पुष्कळदा त्याच धड्यात असतो. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेने २००६ मध्ये काढलेल्या नववीच्या विज्ञान पुस्तकाचा पहिलाच धडा द्रव्यावर होता. त्यात तीन सिरिंजांची कृती होती: एकीत हवा, दुसरीत पाणी, तिसरीत खडूचे तुकडे, आणि कशात दट्ट्या सहज आत जातो ते पाहायचे. कृती उत्तम आहे. पण ‘वायू संपीड्य असतात’ एवढे वाक्य लिहून तिच्यावरून पुढे गेलो, तर तिचे अर्धे मोल वाया जाते. पाण्याच्या सिरिंजने जे सांगितले, ते घेऊन पुन्हा चित्राकडे जायला हवे. दट्ट्या हलला नाही, मग मधल्या चौकटीत एवढी मोकळी जागा आली कोठून, हा प्रश्न वर्गात विचारला गेला पाहिजे.

दुसरा दोष: गजबजलेला वायू

तिसऱ्या चौकटीत दोष उलट दिशेचा आहे. तिथे कण फार जवळ काढलेले असतात.

पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळून त्याची वाफ होते, तेव्हा आकारमान सुमारे १६७० पट होते. १६७० चे घनमूळ सुमारे १२. म्हणजे वाफेत दोन रेणूंमधील सरासरी अंतर पाण्यातल्या अंतराच्या १२ पट असते. आता प्रमाण धरून चित्र काढू. पाण्यातील शेजारच्या रेणूंची मधली ठिकाणे एकमेकांपासून सुमारे ०.३ नॅनोमीटरवर असतात. एक कोटीपट मोठे केले तर हे अंतर ३ मिलिमीटर होते. ४ सेंटिमीटर बाजूची चौकट घेतली तर पाण्याच्या एका थरात एका ओळीला सुमारे १३ आणि सगळे मिळून सुमारे १७० गोल दाटीने बसतील. याच प्रमाणावर वाफेत दोन रेणूंमधले अंतर ३ ते ४ सेंटिमीटर येईल. म्हणजे वायूच्या चौकटीत एखाद-दुसरा गोल, बाकी सगळा कोरा कागद!

असे चित्र छापले तर शाई राहून गेली असेच वाटेल. तरीही खरे चित्र तेच आहे. वायू म्हणजे मुख्यतः रिकामी जागा, ही गोष्ट मुलांना सांगून पटत नाही. कोऱ्या चौकटीने ती पटू शकेल.

तीन चौकटी सारख्या अंतराच्या पायऱ्यांसारख्या काढल्याने आणखी एक गैरसमज होतो: स्थायूतून द्रवात जाणे आणि द्रवातून वायूत जाणे ही सारखीच झेप आहे, असे वाटते. सुप्त उष्म्याचे आकडे आपण याच इयत्तांमध्ये शिकवतो. एक ग्रॅम बर्फ वितळवायला ८० कॅलरी लागतात. एक ग्रॅम उकळत्या पाण्याची वाफ करायला ५४०. वितळताना रेणूंची पकड फक्त सैल होते. वाफ होताना ती पूर्ण सोडवावी लागते. हे दोन आकडे आणि तीन चौकटी एकमेकांशेजारी ठेवल्या, तर आकडे पाठ करण्याची गरज उरणार नाही. पण त्यासाठी चौकटींनी आकड्यांशी जुळते बोलले पाहिजे.

ही झेप वर्गात दाखवता येते. शीतपेयाचा ॲल्युमिनियमचा रिकामा डबा घ्या, त्यात चमचाभर पाणी घालून तापवा. तोंडातून वाफ जोरात येऊ लागली की सांडशीने धरून डबा झटकन थंड पाण्याच्या घमेल्यात उपडा करा. डबा फटकन चेपतो. हा प्रयोग बहुतेक वेळा ‘हवेचा दाब’ या धड्यात केला जातो. तो इथे करावा आणि मुलांना हिशोब घालावा. ३३० मि.लि.च्या डब्यातील सगळ्या वाफेचे वजन सुमारे ०.२ ग्रॅम, म्हणजे पाण्याचे चार थेंब. डबाभर वाफेचे चार थेंब झाले आणि बाकी जागा रिकामी झाली, म्हणून बाहेरच्या हवेने डबा चेपला. (डबा शिक्षकांनी स्वतः हाताळावा, मुलांना थोडे दूर उभे करावे.)

तिसरा दोष: मधे काय आहे?

काही पुस्तकांत हे चित्र रंगीत असते. द्रवाच्या चौकटीत फिकट निळा रंग भरून त्यात गडद निळे गोल काढलेले असतात. चित्रकाराने सजावट म्हणून रंग भरला, पण मुलाने त्यातून काय वाचावे? निळा रंग म्हणजे पाणी आणि गोल म्हणजे पाण्यात तरंगणारे कण. ‘पाणी कणांचे बनलेले असते’ हे वाक्य इथे ‘पाण्यात कण असतात’ असे होऊन बसते. शब्दांत फरक थोडा, अर्थात जमीन-अस्मानाचा.

हा माझा तर्क नाही. शिमशोन नोविक आणि जोसेफ नुसबाउम यांनी इस्राएलमधील शाळकरी मुलांच्या मुलाखती घेऊन १९७८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. चंबूतील थोडी हवा काढून घेतली, तर उरलेली हवा कशी दिसेल ते मुलांना काढायला सांगितले होते. कणांचा धडा शिकलेल्या मुलांनाही कणांच्या मधली जागा खरोखर रिकामी आहे, हे मान्य करणे जड जात होते. काहींच्या मते तिथे हवा होती, काहींच्या मते धूळ किंवा आणखी काही. हवेच्या कणांच्या मधे पुन्हा हवा! आपल्या वर्गात हाच प्रश्न विचारून पाहा. ‘दोन गोलांच्या मधे काय आहे?’ असे विचारल्यावर पहिले उत्तर बहुधा ‘हवा’ असेच येईल.

न्यूझीलंडमधील रॉजर ऑसबोर्न आणि मार्क कॉसग्रोव्ह यांनी १९८३ मध्ये ८ ते १७ वर्षांच्या मुलांबाबत असाच अभ्यास प्रसिद्ध केला. उकळत्या पाण्यातून वर येणारे मोठे बुडबुडे कशाचे असतात, असा प्रश्न होता. उत्तरे आली: उष्णतेचे, हवेचे, हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे. बरोबर उत्तर वाफ, म्हणजेच वायुरूप पाणी. हायड्रोजन-ऑक्सिजन हे उत्तर देणाऱ्या मुलांचा विचार लक्षात घेण्यासारखा आहे. त्यांनी रेणूचे सूत्र शिकलेले असते आणि उकळताना काहीतरी सुटे होते, हेही ऐकलेले असते. पण काय सुटे होते, रेणूतील अणू की रेणूपासून रेणू, हे त्यांना कोणी दाखवलेले नसते. तीन चौकटींमध्ये गोलाचा आकार तोच ठेवला जातो, ही चित्राची मोठी जमेची बाजू आहे. फक्त ती आपण तोंडाने बोलून दाखवत नाही. ‘गोल तोच राहिला, फुटला नाही, फुगला नाही, वितळला नाही, बदलली ती फक्त मांडणी आणि हालचाल,’ हे वाक्य प्रत्येक वर्गात म्हटले गेले पाहिजे.

चित्रावर विश्वास का ठेवायचा?

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती चित्राच्या आधी येते. कण असतात, हे आपण मुलांना कशाच्या आधारावर सांगतो? वर उल्लेखिलेल्या २००६ च्या पुस्तकात पोटॅशियम परमँगनेटचे दोन-तीन स्फटिक पाण्यात विरघळवून ते द्रावण पुन्हा पुन्हा दहापट विरल करण्याची कृती होती. रंग फिका होत जातो, तरी बराच काळ दिसत राहतो. यावरून कण असतात असे सिद्ध होते का? रंग हा सलग पदार्थ असता, तर तोही असाच फिका होत गेला असता. या कृतीतून इतकेच कळते की कण असतील, तर ते फारच लहान असले पाहिजेत. या ‘तर’ला महत्त्व आहे. तो गाळला की पुरावा आणि उदाहरण यांतील फरक मुले विसरतात, आणि विज्ञान शिकवण्याचा हेतूच मागे पडतो.

शास्त्रज्ञांनाही हा प्रश्न सहज सुटला नव्हता. डाल्टनने अणुसिद्धान्त १८०८ मध्ये पुस्तकरूपाने मांडला. त्यानंतर शंभर वर्षांनीही विल्हेल्म ओस्टवाल्ड यांच्यासारखे थोर रसायनशास्त्रज्ञ अणूंना केवळ सोयीची कल्पना मानत होते. रॉबर्ट ब्राऊन यांनी १८२७ मध्ये पाण्यातील सूक्ष्म कणांची अखंड थरथर पाहिली होती. तिचे गणित आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये मांडले आणि झाँ पेराँ यांनी १९०८ च्या सुमारास सूक्ष्मदर्शकाखाली मोजमापे करून ते खरे ठरवले. त्यानंतर ओस्टवाल्ड यांनी आपले मत बदलले. पेराँ यांना १९२६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. इतका मोठा शास्त्रज्ञ जे पुराव्यावाचून मानायला तयार नव्हता, ते आपण एका तासिकेत, एका चित्रावर, आठवीच्या मुलांकडून मान्य करून घेतो. निदान तो सिद्धान्त आहे, पुढे त्याला भक्कम पुरावा मिळाला, आणि तो तुम्हाला वरच्या वर्गात भेटेल, एवढे तरी सांगावे.

आक्षेप आणि उत्तर

कोणी शिक्षक म्हणतील, ‘आठवीच्या मुलांना इतका काथ्याकूट कशाला? अंतर थोडे जास्त काढले म्हणून काय बिघडले?’ आक्षेप वाजवी आहे. साठ मुलांचा वर्ग आणि चाळीस मिनिटांची तासिका मलाही ठाऊक आहे. पण दुरुस्तीला वेळ लागत नाही. द्रवाचे गोल टेकलेले पण वेडेवाकडे काढायचे आणि वायूच्या चौकटीत एक किंवा दोनच काढायचे. फळ्यावर हे चित्र जुन्या चित्रापेक्षा लवकर काढून होते.

कोणते सोपेकरण चालेल आणि कोणते नाही, यासाठी मी स्वतःपुरती एक कसोटी ठरवली आहे. ज्या चित्राने मूल एखादी गोष्ट फक्त अजून जाणत नाही, ते चालेल. ज्या चित्रावरून नीट विचार करणारे मूल चुकीच्या अनुमानावर पोहोचते, ते चालणार नाही. गोल रेणू पहिल्या प्रकारात येतो. सुटा सुटा द्रव दुसऱ्या प्रकारात. विचार न करणाऱ्या मुलाला दुसऱ्या प्रकारच्या चित्राने काहीच त्रास होत नाही, ते पाठ करून मोकळे होते. अडचण येते ती विचार करणाऱ्या मुलाला.

म्हणून एक सुचवावेसे वाटते. यंदा हा धडा घ्याल तेव्हा पुस्तक मिटून ठेवा. आधी सिरिंजा मुलांच्या हातात द्या. बर्फाचा खडा पेल्यात टाका. डबा चेपून दाखवा. मग प्रत्येकाला तीन चौकटी आपल्या मनाने काढू द्या आणि जे काढले त्याचे कारण शेजारी एका ओळीत लिहायला सांगा. त्यानंतरच पुस्तक उघडायचे आणि पुस्तकातील चित्रात काय बरोबर, काय बदलायला हवे, हे मुलांनाच ठरवू द्यायचे. परीक्षेतही नुसती आकृती न मागता, ‘द्रवातील कण जवळजवळ का काढले?’ असा एका गुणाचा प्रश्न जोडता येईल.

आणि पेपर तपासताना एखादी आकृती पुस्तकाशी जुळली नाही, तर लाल रेघ मारण्यापूर्वी त्या मुलाला बोलावून कारण विचारावे. मला ते कारण न विचारता मिळाले होते, तरी मी ते ऐकले नाही. ती मुलगी आता कोठे असेल, मला माहीत नाही. तिचे दोन गुण माझ्याकडे अजून बाकी आहेत.